नाव, पैसा आणि गोतावळा एकाच खात्यावर: चीनमधली ‘सब कुछ’ ॲप्स प्रत्यक्षात कशी चालतात

प्रश्न असा आहे: चीनमध्ये एकाच ॲपवर गप्पा, पैसे, दवाखाना, मेट्रो, सरकारी कामं असं सगळं होतं म्हणतात. ते नेमकं चालतं कसं, त्याने तिथल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडला, आणि आपल्याकडचं कोणी शिकायला किंवा कामाला तिकडे निघालं तर काय तयारी ठेवावी?

या विषयावर लिहिताना बहुतेक जण सोयींची यादी देतात. यादी खरी असते, पण मुद्दा तिच्यात सापडत नाही. आपल्या फोनवरही गप्पांचं, पैशांचं, जेवणाचं, रेल्वेचं ॲप असतंच. चीनमध्ये माणसाचं ओळखपत्रावरचं नाव, त्याचा पैसा आणि त्याचा गोतावळा या तिन्ही गोष्टी एकाच खात्याला बांधल्या गेल्या आहेत. सोयही त्या गाठीमुळेच आहे आणि अडचणही.

मुख्य ॲप दोन. वीचॅट, म्हणजे चिनी लोकांचं ‘वेइशिन’, हे शेनझेनच्या टेन्सेंट कंपनीचं. ते जानेवारी 2011 मध्ये आलं, आणि ग्वांगझौमध्ये झांग श्याओलोंग यांच्या चमूने ते घडवलं. दुसरं अलिपे, 2004 सालचं. अलिबाबाच्या ताओबाओ या ऑनलाइन बाजारात विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसत, म्हणून माल हातात पडेपर्यंत पैसे मध्येच धरून ठेवणारी ही सोय अलिबाबाने काढली. एक गप्पांमधून पैशाकडे गेलं, दुसरं पैशातून बाकीच्या सेवांकडे आलं. दोन्ही एकाच ठिकाणी पोचली असली तरी गोतावळा वीचॅटकडे आहे. त्यामुळे रोजच्या जगण्यावर त्याची पकड जास्त, आणि इथे मी मुख्यतः त्याच्याबद्दलच लिहितो आहे.

वीचॅटमध्ये पैसे देण्याची सोय 2013 मध्ये आली, पण लोकांनी बँक कार्ड जोडलं ते 2014 च्या चिनी नववर्षाच्या सुमारास, ‘होंगबाओ’मुळे. होंगबाओ म्हणजे सणाला वडीलधाऱ्यांनी मुलांना द्यायचं लाल पाकीट. वीचॅटने त्याला खेळाचं रूप दिलं. गटात एक रक्कम टाकायची, पाकिटं किती ते ठरवायचं, आणि कोणाच्या वाट्याला किती येईल ते ॲप नशिबावर सोडणार. वीस जणांच्या गटात दहाच पाकिटं असली की पहिल्या काही सेकंदांत झुंबड उडते. साध्या पाकिटाची कमाल रक्कम 200 युआन, आणि 24 तासांत कोणी उघडलं नाही तर पैसे परत. मिळालेले पैसे मात्र ॲपमधल्या पाकिटात पडतात. त्या पाकिटाचं नावच ‘सुट्टे पैसे’ असं आहे. ते बँकेत न्यायचे तर कार्ड जोडावं लागतं, आणि त्या सणात कोट्यवधी लोकांनी ते जोडलं. पुढे 2016 पासून पैसे बँकेत काढायला 0.1 टक्का शुल्क लागलं. आयुष्यभरात मिळून फक्त 1000 युआन मोफत. रक्कम किरकोळ आहे, पण माणूस विचार करतो की बँकेत कशाला न्यायचे, इथेच खर्च करू. पाकिटातला पैसा पाकिटातच फिरत राहण्यामागे हे एवढं छोटं कारण आहे.

आता दुकानाच्या गल्ल्यापाशी या. पैसे देण्याच्या रीती दोन. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर दोन कागद चिकटवलेले असतात, हिरवा वीचॅटचा आणि निळा अलिपेचा. तुम्ही कोड स्कॅन करता, रक्कम घालता, आणि डबीतून आवाज येतो की अमुक युआन जमा झाले. हे दृश्य आपल्याला परकं नाही. सुपरमार्केटमध्ये मात्र उलट असतं. तुम्ही तुमच्या फोनवरचा कोड दाखवता आणि गल्ल्यावरची व्यक्ती हातातल्या स्कॅनरने तो टिपते. हा कोड म्हणजे वीचॅटमध्ये 18 आकडी एकदाच चालणारी संख्या असते, आणि ती साधारण दर मिनिटाला बदलते. ती फोनच तयार करतो, म्हणून तळघरातल्या दुकानात तुमच्या फोनला नेट नसलं तरी व्यवहार होतो. दुकानाच्या यंत्राला नेट असलं की पुरे. फसवणूकही इथेच होते. कोणी फोनवरून ‘पडताळणीसाठी’ कोडखालचा आकडा वाचून दाखवा म्हणालं, की त्याच मिनिटात तो आकडा वापरून पैसे काढले जातात. छोट्या रकमेला पासवर्ड लागत नसल्याने कळायच्या आत हे होऊन जातं.

कागदावरच्या कोडचा धोका वेगळा: रात्रीतून कोणी त्यावर आपला कोड चिकटवतो आणि दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात जाते. म्हणून चीनच्या मध्यवर्ती बँकेने 1 एप्रिल 2018 पासून अशा छापील, स्थिर कोडवरून देण्यावर एका ग्राहकाला दिवसाला 500 युआनची मर्यादा घातली. मोठ्या दुकानांत तुमचाच फोन टिपला जातो त्याचं एक कारण हेही आहे.

आपल्या यूपीआयशी तुलना केली तर फरक लगेच कळतो. यूपीआयमध्ये कुठल्याही ॲपने कुठलाही कोड चालतो, कारण खाली एनपीसीआय या यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचा एकच सामाईक रस्ता आहे आणि पैसा थेट बँक खात्यातून बँक खात्यात जातो. चीनमध्ये दोन कंपन्यांनी आपापले वेगळे रस्ते बांधले. दोन्ही ॲपना चालणारा जो ‘एकत्र कोड’ दुकानांत दिसतो, त्यात खरं तर एक वेबपत्ता असतो. तो कोणत्या ॲपने उघडला हे ओळखून पुढचं पान दाखवतो. सरकारने जून 2018 पासून या कंपन्यांचे बँकांशी होणारे सगळे व्यवहार ‘वांगल्येन’ या मध्यवर्ती समाशोधन (देण्याघेण्याचे हिशेब मिटवणाऱ्या) संस्थेतून न्यायला लावले, आणि जानेवारी 2019 पासून लोकांचा पाकिटातला सगळा पैसा मध्यवर्ती बँकेत ठेवायला लावला. दोन कुंपणांमधली दारं त्यानंतरही सावकाशच उघडली. ताओबाओवर वीचॅटने पैसे देता येऊ लागले ते थेट सप्टेंबर 2024 मध्ये. तोवर एका कंपनीच्या गप्पांत दुसऱ्या कंपनीच्या मालाची साधी लिंकसुद्धा बरीच वर्षं नीट उघडत नसे.

बाकीच्या सेवा आत आल्या त्या ‘मिनी प्रोग्राम’मुळे. हे 9 जानेवारी 2017 रोजी सुरू झाले. मिनी प्रोग्राम म्हणजे वीचॅटच्या आतच उघडणारं छोटं ॲप, वेगळं उतरवून घ्यावं लागत नाही. त्याच्या मुख्य पॅकेजला 2 एमबीची मर्यादा आहे, आणि ती मुद्दाम आहे. माणूस मेट्रोच्या फाटकापाशी किंवा हॉटेलच्या टेबलाशी उभा असताना ते दोन-तीन सेकंदांत उघडलं पाहिजे. लॉगिन वेगळं नाही, पैसे देणं वेगळं नाही, पत्ताही आधीच भरलेला.

नूडल्सच्या दुकानात बसलात तर टेबलाच्या कोपऱ्यावर कोड असतो. तो स्कॅन केला की टेबल क्रमांकासह मेन्यू उघडतो. तिखट किती, कोथिंबीर हवी की नको, हे निवडून पैसे दिले की स्वयंपाकघरात चिठ्ठी छापली जाते. वेटरशी बोलायचं कामच पडत नाही. पण मेन्यू उघडण्याआधी ते तुमचा मोबाइल क्रमांक मागतं, ठिकाण मागतं, आणि दुकानाच्या खात्याचे अनुयायी व्हा म्हणतं. नूडल्सच्या वाटीला मोबाइल क्रमांक कशाला हवा, हा प्रश्न चीनमधल्या ग्राहक संघटनांनीही विचारला आहे. नोव्हेंबर 2021 पासून लागू झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार कामापुरतीच माहिती घेता येते. तेव्हा ‘नाकारा’ दाबून पाहा. बऱ्याच ठिकाणी मेन्यू तरीही उघडतो. नाही उघडला तर छापील मेन्यू मागा.

दवाखान्यात हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. चीनमधल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत आधी ‘नोंदणी क्रमांक’ घ्यावा लागतो, आणि नावाजलेल्या डॉक्टरांचे क्रमांक भराभर संपतात. पूर्वी त्यासाठी पहाटेपासून रांग लागायची. आता ते ठरलेल्या वेळी मिनी प्रोग्रामवर खुले होतात. तपासणीचं शुल्क, रक्ताचा अहवाल, औषधांची पावती, सगळं तिथेच येतं. तरुण माणसाचा अर्धा दिवस वाचतो. सत्तरीतले एकटे राहणारे आजोबा मात्र खिडकीपाशी पोचेपर्यंत क्रमांक संपलेले असतात. नोव्हेंबर 2020 मध्ये हूपेई प्रांतातल्या ग्वांगश्वेई इथे 94 वर्षांच्या एका आजींना बँकेत, चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासमोर यावा म्हणून नातेवाइकांनी उचलून धरल्याची चित्रफीत देशभर फिरली. त्याच महिन्यात सरकारने ज्येष्ठांसाठी जुन्या पद्धतीही चालू ठेवाव्यात असा आदेश काढला. पुढच्या वर्षी वीचॅटने मोठ्या अक्षरांची ‘काळजी’ रीत आणली. घरोघरी जास्त उपयोगी पडली ती ‘नातेवाईक कार्ड’ची सोय: आईवडिलांच्या फोनवरून दिलेले पैसे मुलाच्या खात्यातून जातात, महिन्याला जास्तीत जास्त 3000 युआन. आईने भाजी घेतली की मुलाला दुसऱ्या शहरात संदेश येतो, आणि ती बाजारात जाऊन आली हेही त्याला कळतं.

गप्पांची रचना आपल्या सवयीपेक्षा बरीच वेगळी आहे. वीचॅटमध्ये संदेश वाचला की नाही ते दिसत नाही, माणूस ऑनलाइन आहे का हेही नाही. हे ठरवून केलेलं आहे, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. उत्तर उशिरा द्यायला माणसाला जागा राहते. ‘मित्रवर्तुळ’ या भागात फोटो टाकला तर त्यावरच्या प्रतिक्रिया फक्त दोघांच्याही ओळखीच्या लोकांना दिसतात. तुमच्या साहेबांना तुमच्या मावशीने काय लिहिलं ते दिसणार नाही. आपल्या जुन्या नोंदी तीनच दिवस दिसाव्यात अशीही मर्यादा अनेक जण लावतात.

कामाचं मात्र उलटं झालं. भेटलं की व्हिजिटिंग कार्डाऐवजी प्रश्न येतो, ‘मी तुमचा कोड स्कॅन करू की तुम्ही माझा?’ मग साहेब, गिऱ्हाईक, घरमालक, मुलाच्या वर्गशिक्षिका, सोसायटीचा व्यवस्थापक, सगळे आईवडिलांच्याच शेजारी येऊन बसतात. कामाच्या गटात सूचना आली की प्रत्येकाने ‘शोउदाओ’, म्हणजे ‘मिळालं’, असं लिहायचं. वाचल्याची खूण ॲप देत नाही, म्हणून माणसांनी ती स्वतःच बनवली. चाळीस पालकांच्या गटात शिक्षिकेने सहलीची वेळ कळवली की खाली चाळीस वेळा ‘मिळालं’. रात्री दहा वाजता आलेल्या सूचनेलाही उत्तर न देणं म्हणजे बेपर्वाई समजली जाते. अलिबाबाच्या ‘डिंगटॉक’ या कार्यालयीन ॲपमध्ये तर कोणी वाचलं, कोणी नाही, याची यादीच दिसते, आणि कर्मचाऱ्यांना ती अजिबात आवडत नाही.

गटाची ताकद सर्वांत ठळक दिसली ती शांघायच्या 2022 च्या कोविड टाळेबंदीत. सुमारे अडीच कोटी माणसं घरात, दुकानं बंद, आणि घाऊक विक्रेते किमान ठरावीक पेट्या घेतल्याशिवाय माल पाठवायला तयार नाहीत. अशा वेळी इमारतीतली एखादी व्यक्ती पुढे होई. तिला ‘थ्वानझांग’, म्हणजे गटप्रमुख, म्हणत. ती गटात ‘ज्येलोंग’ सुरू करी. पहिल्या ओळीत माल, भाव आणि किमान संख्या. मग प्रत्येकाने खाली आपला क्रमांक जोडायचा: 1. अमुक इमारत, खोली 302, अंडी दोन पेट्या. 2. खोली 501, एक पेटी. संख्या भरली की पैसे गोळा करायचे, ट्रकला फाटकातून आत सोडण्याची परवानगी काढायची, जंतुनाशक फवारायचं, आणि स्वयंसेवकांनी दारोदार वाटायचं. चुका व्हायच्या त्या ठरलेल्या: दोघांनी एकाच वेळी यादी पुढे नेली की एकाचं नाव पुसलं जाई, खोलीऐवजी टोपणनाव लिहिलं तर पेटी कोणाची ते कळेना, आणि वीचॅट नीट वापरता न येणारे म्हातारे यादीतूनच राहून जात. चांगल्या गटप्रमुखांनी त्यांची दारं स्वतः वाजवली. वर्षानुवर्षं एकमेकांचं नाव माहीत नसलेले शेजारी त्या याद्यांमधून एकमेकांना ओळखू लागले.

याच गाठीची दुसरी बाजू कोविडकाळातल्या ‘आरोग्य कोड’मध्ये दिसली. तो फेब्रुवारी 2020 मध्ये हांगझौमध्ये अलिपेवर सुरू झाला आणि काही आठवड्यांत देशभर पसरला. हिरवा असेल तर फिरा, पिवळा किंवा लाल असेल तर घरी किंवा विलगीकरणात. प्रत्येक प्रांताचा कोड वेगळा, त्यामुळे सीमेवर गोंधळ होई. खरा धक्का जून 2022 मध्ये बसला. होनान प्रांतातल्या काही ग्रामीण बँकांत ठेवी अडकलेले लोक जाब विचारायला झंगझौला निघाले, तर त्यांचे कोड अचानक लाल झाले. आजाराचा संबंध नव्हता. चौकशीत 1,317 ठेवीदारांना असा कोड दिल्याचं निघालं आणि 5 अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशाने कोविडचे निर्बंध उठवले आणि कोड दाखवण्याची सक्ती संपली.

खात्यावर नजर असणं आणि ते बंद होणं म्हणजे काय, हे पुढच्या उदाहरणांवरून कळेल. डॉ. ली वेनल्यांग यांनी 30 डिसेंबर 2019 रोजी वुहानमधल्या नव्या आजाराबद्दल, म्हणजे पुढच्या कोविडबद्दल, सावध केलं ते वीचॅटवरच्या वर्गमित्रांच्या गटात. चार दिवसांनी त्यांना पोलिसांनी बोलावून समज दिली. ‘खासगी’ गट तिथे तेवढा खासगी नसतो. ऑक्टोबर 2017 पासून गटात काय चालतं याची जबाबदारी गट बनवणाऱ्यावर आणि चालवणाऱ्यावरही आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये बीजिंगच्या सितोंग पुलावर सरकारच्या निषेधाचे फलक लागले, तेव्हा त्यांचे फोटो पुढे पाठवणाऱ्या अनेकांची खाती बंद झाली. काहींनी खातं परत मिळावं म्हणून जाहीर माफीपत्रं लिहिली. बाहेरून हे अतिरेकी वाटेल. पण त्या खात्यावर आईशी रोजचं बोलणं, पगाराचा गट, घरभाड्याच्या पावत्या आणि मुलाच्या शाळेचा निरोप असतो, हे लक्षात घेतलं की ती पत्रं समजतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. अलिपेचा ‘झीमा’ गुणांक 350 ते 950 असतो. त्यावर सायकल किंवा पॉवरबँक अनामतीशिवाय मिळते. ही त्या कंपनीची पत मोजण्याची पद्धत आहे. सरकारची ‘सामाजिक पत’ व्यवस्था वेगळी, आणि प्रत्येक नागरिकाला देशभरचा एक गुण मिळतो ही समजूत चुकीची आहे.

उसनवारीच्या बाबतीत तिथले वकील जे सांगतात ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. मे 2020 पासून गप्पांच्या नोंदी न्यायालयात पुरावा म्हणून स्पष्टपणे धरल्या जातात, पण नुसता स्क्रीनशॉट सहसा पुरत नाही. मूळ फोन दाखवावा लागतो आणि टोपणनावामागे कोण आहे हे सिद्ध करावं लागतं. म्हणून उसने देताना गप्पांतच पूर्ण नाव, रक्कम आणि परतीची तारीख लिहून घ्यायची, आणि पैसे होंगबाओने न देता ‘हस्तांतर’ करून द्यायचे, कारण होंगबाओ भेट समजली जाते. प्रेमात पडलेले लोक 520 किंवा 1314 युआन पाठवतात; चिनी उच्चारात 520 ‘तू मला आवडतोस’सारखं आणि 1314 ‘जन्मभर’सारखं ऐकू येतं. नंतर बिनसलं आणि ते पैसे उसने होते असं कोणी म्हटलं, तर न्यायालयं बहुधा ती भेटच मानतात.

आता निघण्याची तयारी. भारतात जून 2020 मध्ये बंदी घातलेल्या 59 ॲपमध्ये वीचॅटही होतं, त्यामुळे घरच्यांशी बोलायला त्यावर विसंबू नका, आणि खातं तिकडे पोचल्यावर उघडायचं असं धरून चला. नव्या खात्याला बहुतेक वेळा जुन्या वापरकर्त्याने कोड स्कॅन करून दुजोरा द्यावा लागतो. एक माणूस महिन्यात एकालाच असा दुजोरा देऊ शकतो, तेव्हा विद्यापीठातल्या वरच्या वर्गातल्या कोणाशी तरी आधीच बोलून ठेवा. अलिपेला हा अडसर नाही, म्हणून पहिल्या दिवसासाठी ते सोपं.

परदेशी वीझा आणि मास्टरकार्ड 2023 पासून दोन्ही ॲपना नीट जोडता येतात. जाण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. भारतीय कार्डांवर ते मुळात बंद असतात आणि निम्म्या अडचणी एवढ्यानेच येतात. एका व्यवहारात 200 युआनपर्यंत शुल्क नाही, त्यावर 3 टक्के. परदेशी कार्डाने दुकानात पैसे देता येतात, पण वीचॅटवर मित्राला पैसे किंवा होंगबाओ पाठवणं त्याने सहसा जमत नाही. त्यासाठी चिनी बँक खातं हवं, आणि तिथे मराठी माणसाची गाडी नावावर अडते. आपल्या पासपोर्टवर ‘दिलेल्या नावा’त वडिलांचंही नाव असतं. बँकेतला कर्मचारी कधी आडनाव आधी लिहितो, कधी तिन्ही नावं जागा न सोडता जोडतो, आणि ॲपमध्ये एका अक्षराचा किंवा मोकळ्या जागेचा फरक पडला तरी कार्ड जोडलं जात नाही. खातं उघडतानाच बँकेच्या यंत्रणेत नाव कसं नोंदलं आहे ते छापून मागा, आणि सिमकार्डही नेमकं तसंच नोंदवून घ्या. सिम, बँक आणि वीचॅट या तिन्हींत नाव एकसारखं हवं.

खिशात 10 आणि 20 युआनच्या थोड्या नोटा असू द्या. रोख नाकारणं तिथे बेकायदा आहे, पण 100 च्या नोटेला सुट्टे नसतात. वीचॅटच्या गप्पा फोनमध्येच साठतात, त्यामुळे फोन बदलताना जुना आणि नवा एकाच वायफायवर ठेवून ‘गप्पा हलवा’ हे आधी करा आणि मगच जुना पुसा. गटात आलेल्या फाइल काही दिवसांनी उघडेनाशा होतात. प्राध्यापकांनी टाकलेली टिपणं आणि भाड्याचा करार त्याच दिवशी उतरवून घ्या.